वायर तुटलेली नव्हती

"आई, गिटार कण्हतेय," प्रिसिला म्हणाली.

"कण्हत नाही, बोंबलतेय. दहा वाजता बिशपसाहेब येणार. तोवर तिचं तोंड बंद कर, नाहीतर परत खिळ्याला टांग."

सकाळचे आठ वाजले होते. चर्चच्या व्यासपीठावर जाड सतरंजी अंथरली होती. तिच्यावर माझी थोरली सून मांडी घालून बसली होती, मांडीवर चार जाड तारांची ती बेस गिटार. शेजारच्या काळ्या स्पीकरमधून एकसारखी घूंऽऽ चालली होती. तारेला हात लावा, न लावा, घूं आपली सुरूच. उसाच्या ट्रकचं इंजिन लांब कुठंतरी चालू राहावं तशी.

आमचे पाळक जगधनेसाहेब गीताचा कागद हातात घेऊन येरझाऱ्या घालत होते. ते माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाले, "मार्थाआत्या, बेसशिवाय म्हटलं तर?"

"गीत कुणी लिहिलं?"

"मीच."

"त्याची सुरुवात कशावर आहे?"

"बेसवर."

"मग मला कशाला विचारता? लिहिताना विचारायचं होतं."

चर्चला त्या दिवशी पन्नास वर्षं होत होती. श्रीरामपूरच्या बाजूच्या सगळ्या वाड्यावस्त्यांतून माणसं येणार होती. आणि उपासना झाली की बिशपसाहेब बाहेर, बाजूच्या दारापाशी बांधलेल्या माझ्या ओट्यावर उभे राहून प्रार्थना करणार होते. त्या ओट्यावर संगमरवरी दगड होता. 'कै. येशुदास पारखे यांच्या स्मरणार्थ प्रार्थनामंदिरातील विजेचे संपूर्ण काम त्यांच्या पत्नी मार्थाबाई यांजकडून.' मी तिसरी शिकले, पण तेवढं मला न अडखळता वाचता येत होतं. रोज वाचत होते. माझे मालक गेले तेव्हा मागं पिठाची गिरणी ठेवून गेले. ती मी एकटीनं चालवली, दोन पोरं वाढवली आणि चर्चमध्ये दिवे लावले. गावात कुणी मला बाई म्हणून कमी लेखत नव्हतं, आणि लेखलं तर एकदाच लेखायचं.

गिटार माझ्या धाकट्याची, नाथाची. दोन वर्षं ती गिरणीत खिळ्याला लटकत होती, पिठानं पांढरी झालेली. तिची घूं काही नवी नव्हती. नाथा वाजवायचा तेव्हाही ती असायची, आणि मी दर रविवारी त्याला बोलायचे. "लाकडात पोळं आहे का रे? मध कधी काढायचा?" मंडळी हसायची. नाथा हसायचा नाही. एका नाताळाला तर भर उपासनेत मी उठून उभी राहिले आणि म्हटलं, "ती घूं बंद कर, नाहीतर बाहेर हो." त्यानं गिटार भिंतीला टेकवली आणि तो बाहेर गेला. तिसऱ्या दिवशी पुण्याला गेला, तो गेलाच.

ते असो. त्या सकाळी मला घूं बंद हवी होती.

प्रिसिला जालन्याची. तिचा बाप रेडिओ दुरुस्त करायचा आणि ही त्याच्या मांडीशी बसून वाढली. लग्नात मी म्हटलं होतं, पोरीच्या हाताला हळदीपेक्षा कथलाचा वास जास्त येतो. ते काही कौतुकानं म्हटलं नव्हतं.

तिनं आधी लांब केबल बदलली. घूं तशीच.

"साहेब, ती ट्यूब बंद करा जरा."

पाळकांनी ट्यूब घालवली. घूं किंचित उतरली.

"थोडं ट्यूबचं होतं," ती म्हणाली, "पण मूळ दुसरीकडं आहे." मग तिनं गिटारीवरचं आवाजाचं बटण पार खाली पिळलं. घूं एकदम बंद. वर पिळलं, पुन्हा चालू. तिनं तीनदा तसं केलं. "म्हणजे स्पीकरकडून येत नाही. गिटारीच्या पोटात काहीतरी आहे."

"असणारच. नाथाची आहे."

 तिनं नुसता हात पुढं केला. "तुमचा टेस्टर द्या."

माझ्या कमरेला किल्ल्यांच्या जुडग्यात टेस्टर असतो. गिरणीवाल्या बाईचा तोच दागिना. तिनं टेस्टरनंच स्क्रू काढले, गिटारीवरची काळी पट्टी उचलली आणि आत डोकं घातलं. आत पीठच पीठ. फुंकर मारली तर पाळक खोकायला लागले.

"हे बघा. इथून एक काळी वायर निघते आणि मागं, तारा जिथं अडकवल्यात त्या लोखंडी पट्टीखाली जाते. तीच सुटलीय."

"तुटली का? बरं झालं, सापडलं."

तिनं वायरीचं टोक उजेडाकडं धरलं. बराच वेळ बघत राहिली. "तुटलेली नाही, आई. कापलेली आहे. तुटलेल्या वायरीचं टोक विस्कटतं. हे बघा कसं सरळ आहे. पक्कडीनं कापलंय."

"कापली? मग कुणी कापली ते मला माहितीय. जाता जाता खोडी करून गेला मेला."

"पण घूं तर भाऊजी जायच्या आधीपासून होती ना?"

"मग आधीच केली खोडी."

"स्वतःच्याच गिटारीत? ज्याला वाजवायचंय तो माणूस असं कशाला करेल?"

"तुझा दीर आहे. तू विचार त्याला. मला तो उत्तर देत नाही."

तिनं बॅग उघडून बापाची डाग द्यायची सळई काढली आणि बोर्डात लावली. तापेपर्यंत पाळकांनी विचारलं, "ही एवढीशी वायर करते तरी काय?"

"तारांना जमिनीशी जोडते. वाजवणाऱ्याचा हात तारांवर असतो. वायर असली की त्याचं अंगही जमिनीला जोडलं जातं आणि घूं मरते."

"जमीन कुठाय इथं?" मी विचारलं.

"या केबलमधून स्पीकरला. स्पीकरच्या प्लगची मोठी पिन भिंतीत. भिंतीतून बाहेर, तुमच्या अर्थिंगच्या खड्ड्यात."

तुमच्या म्हणाली. मला बरं वाटलं. पाळकांकडं बघून मी मान हलवली, म्हणजे ऐकून ठेवा.

कथलाचा धूर आला, तिनं फुंकर घातली, पट्टी बसवली, स्क्रू आवळले. तारांवर हात ठेवला आणि बटण वर पिळलं. काहीच नाही. शांत. मग तिनं जाड तार एकदा छेडली आणि तो आवाज खालून, फरशीतून आल्यासारखा पोटात गेला.

"हालेलूया!" पाळक म्हणाले.

"देवाचं नाव नंतर, साहेब. आधी माझ्या सुनेचं घ्या."

प्रिसिलानं माझ्याकडं बघितलं. चार वर्षांत मी तिला असं काही म्हटलं नव्हतं.

साडेनऊला बायकांनी व्यासपीठ ओल्या फडक्यानं पुसून काढलं. सतरंजी उचलून बिशपसाहेबांच्या खुर्चीखाली नेली, कारण नवी सतरंजी कुणीतरी आणायची विसरलं होतं. माणसं यायला लागली. "सलाम आत्या," "सलाम," सगळ्यांच्या चपला दाराबाहेर, बाकं भरत चाललेली. मी बाहेर ओट्यावर दगडाला झेंडूचा हार चढवत होते तेव्हा आतून हाक आली.

"आई, जरा इकडं या."

आवाज बारीक होता. मी आत गेले. प्रिसिला माइकसमोर उभी होती, गळ्यात गिटार.

"बोटांना मुंग्या येताहेत."

"घाबरलीस. बिशपसाहेब काही खात नाहीत तुला."

"नाही आई. हात काढला की जातात. ठेवला की येतात."

"सवय नाही तारांची. आखडली असतील."

"मघाशी नव्हत्या."

"मघाशी तू बसली होतीस, आता उभी आहेस. उभं राहून कुणाला मुंग्या येतात का?" असं म्हणून मी माझी चार बोटं त्या तारांवर सपाट ठेवली.

पुसलेली फरशी अजून ओली होती, मघाची सतरंजी पायाखाली नव्हती. मी अनवाणी होते, सगळेच असतात. दातांपर्यंत झिणझिण गेली. हात मी काढला की तो आपोआप निघाला, सांगता येणार नाही.

मी टेस्टर काढला आणि तारेला टेकवला. आतला लाल दिवा लागला. स्पीकरच्या लोखंडी कोपऱ्याला टेकवला. लागला. भिंतीवरच्या बोर्डाच्या पत्र्याला टेकवला. तिथंही लागला. माइकच्या दांड्याला टेकवला. नाही लागला. माइक पाळकांच्या घरून ओढलेल्या लाइनीवर होता, त्या घराचं अर्थिंग वेगळं.

"गाताना तुझं तोंड माइकला लागतं?"

"लागतंच. नाहीतर मागच्या बाकांपर्यंत आवाज जात नाही."

"आणि हात तारांवर."

 मग तिनं गळ्यातला पट्टा इतक्या सावकाश काढला, जसं काही झोपलेलं लेकरू खाली ठेवायचंय. गिटार तिनं लाकडी खुर्चीत ठेवली आणि हात पदराला पुसले, पुन्हा पुन्हा पुसत राहिली. सकाळी लावलेल्या त्या एका डागानं तारा स्पीकरला जोडल्या गेल्या होत्या, आणि स्पीकरच्या पत्र्यात आतून झिरपलेली वीज होती. जमिनीत जायला तिला वाट नव्हती. तिनं प्रिसिलाच्या हातातून शिरून ओठातून बाहेर पडायची वाट धरली असती. पहिल्याच ओळीला.

"मेन बंद करूया," ती म्हणाली.

मी दाराकडं बघितलं. बाकं भरली होती. मागं गडी उभे. बाहेर पोरांचा गलका, बिशपसाहेबांच्या जीपची वाट बघणारा.

"पक्कड दे," मी म्हटलं.

"कशाला?"

"ती वायर परत कापते. घूं तर घूं. बोंबलू दे गिटारीला, तुझ्या अंगात तर वीज येणार नाही. बाकीचं उद्या बघू. कुणाला काही सांगायची गरज नाही."

तिनं पट्टी उघडली, पक्कड माझ्या हातात दिली. मी चष्मा वर केला, पक्कडीचं तोंड आत घातलं. वायर फार खोल. एकाच जागी पक्कड पोहोचत होती आणि ती जागा म्हणजे तिनं नुकताच डाग दिला होता तीच. जुन्या कापाच्या बरोबर शेजारी.

माझा हात थांबला.

खोडी नव्हती ती. नाथाही असाच बसला असणार. त्यालाही मुंग्या आल्या असणार, त्यानंही पक्कड इथंच घातली असणार, दुसरीकडं ती जातच नाही. वायर कापली, वीज तुटली, घूं सुरू झाली. आणि ती घूं घेऊन तो दर रविवारी माझ्यासमोर उभा राहिला.

मग मला ते आठवलं, जे मी तोवर कधी आठवलंच नव्हतं. गिरणीत दळणाला बायका बसलेल्या. नाथा आत आला आणि म्हणाला, "आये, ओट्याखालचा खड्डा कोरडा पडलाय. चर्चमध्ये हाताला झिणझिण बसते. पाणी घालायला भोक तरी पाडू." आणि मी सगळ्यांदेखत म्हटलं होतं, "वाजवता येत नाही म्हणून बापाच्या दगडाला नावं ठेवतोस?"

गिरणी चर्चच्या शेजारीच, म्हणून दोन्हींचा अर्थिंगचा खड्डा एकच. माझे मालक सांगायचे, अंगाला झिणझिण आली की मोटारीला शिव्या देऊ नको, खड्ड्याला पाणी दे. दर शनिवारी दोन बादल्या आणि मूठभर खडेमीठ. त्यांच्यामागं मीही घालत होते. मग दगड बसवायला जागा हवी होती, आणि बाजूच्या दारापाशी तो चिखलाचा खड्डा दिसायला वाईट. त्यावरच ओटा बांधून घेतला, वर शहाबादी फरशी. मोटार काही बंद पडली नाही. दिवे लागत राहिले. मी गिरणीत रबरी चपला घालून लाकडी फळीवर उभी, मला कुठली झिणझिण बसायला? पाच वर्षं त्या खड्ड्यात पाण्याचा थेंब गेला नव्हता.

"थांबलात का, आई? कापा ना," प्रिसिला म्हणाली. मग तीच म्हणाली, "पण स्पीकरचं काय? पोरी त्याला टेकून उभ्या राहतात गाताना. ओल्या फरशीवर."

बाहेर हॉर्न वाजला. पाळक धावत आत आले. "आत्या, साहेब आले! चला, हार घ्या!"

मी पक्कड प्रिसिलाच्या हातात दिली, दाराजवळच्या बोर्डाशी गेले आणि मेन स्विच खाली ओढला. पंखे गरगरत थांबले. मागच्या बाकांवरून "गेली रे गेली" असा आवाज उठला.

"आत्या!" पाळकांचा चेहरा पांढरा पडला. "आत्ता?"

"आत्ता."

बिशपसाहेब दारात उभे होते. मी त्यांना सलाम केला आणि तिथूनच, तोंड मंडळीकडं करून बोलले. माइकची मला कधीच गरज लागली नाही.

"लाइट गेलेली नाही. मी घालवली. कुणीही स्पीकरला आणि बोर्डाला हात लावायचा नाही, पोरं आवरा. अर्थिंगचा खड्डा मेलाय. तो माझ्या ओट्याखाली आहे आणि ओटा मीच त्याच्यावर बांधला. आत्ता माझ्या सुनेचा जीव जाता जाता राहिला. उपासना पंख्याशिवाय करा. झाली की कुदळी आणा."

 मग पुढच्या बाकावरचे एक म्हातारबा म्हणाले, "अगं मार्था, साहेब तर तुझ्या दगडाला हार घालायला आलेत."

"मग लवकर घाला म्हणावं. नंतर फोडायचाय."

बिशपसाहेब हसले की नाही ते मी बघितलं नाही. पोरं बोर्डाकडं जात नाहीत ना, ते बघत होते.

उपासना घामात झाली. गीत पेटीवर म्हटलं. प्रिसिला माइकशिवाय गायली आणि मागच्या बाकांना काही ऐकू गेलं नाही. बारा वाजता चार गड्यांनी ओट्यावर कुदळ घातली. दगड सोडवताना मधोमध तडकला. मालकांचं नाव एका तुकड्यावर राहिलं, माझं दुसऱ्यावर. खाली खड्ड्यात मीठ नाही, ओल नाही, नुसता कोळशाचा कोरडा भुगा. सळीला आलेली तार गंजून हातात आली. प्रिसिलानं तार नवी जोडली, बायकांनी आडावरून बादल्या आणल्या. तेवीस बादल्या गेल्या तेव्हा वर पाणी दिसलं. संध्याकाळी मेन चढवून मी टेस्टर स्पीकरला टेकवला. तो विझलेलाच राहिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी गिरणी न उघडता मी एस.टी. स्टँडवर गेले. तिथं फोनचं बूथ होतं. काचेचं दार कधीच मोडलं होतं, त्यामुळे आत बोललेलं अख्ख्या स्टँडला ऐकू जायचं. नाथाच्या वर्कशॉपचा नंबर थोरल्याकडून चिठ्ठीवर लिहून घेतला होता. दोन वर्षांत मी तो कधी मागितला नव्हता.

"कोण?"

"मी."

"आये? काय झालं? कोण गेलं?"

"कुणी गेलं नाही. ओटा फोडला."

मागं कसलंतरी मशीन किरकिरत होतं. 

"बाबांचा?"

"माझा."

"खड्डा?"

"नुसता भुगा."

"म्हणजे वहिनीनं गिटार उतरवली. तिनं वायर जोडली असणार." त्याचा आवाज चढला. "जोडली ना? तिला काही—"

"मुंग्यांवर निभावलं. ठीक आहे ती."

"मी दादाला सांगायला पाहिजे होतं. माझ्या डोक्यात आलं नाही, कुणी ती गिटार पुन्हा उतरवेल असं वाटलंच नव्हतं..."

तो स्वतःलाच दोष देत होता. ते मला ऐकवेना. मी म्हटलं, "मला का नाही सांगितलंस?"

"सांगितलं, आये. दोनदा."

दुसरी वेळ कुठली, ते मला आजही आठवत नाही.

"मग मंडळीत सांगायचं. पाळकांना सांगायचं."

"काय सांगू? बापाच्या नावाचा दगड उखडा म्हणून?"

 मी भिंतीकडं तोंड केलं आणि म्हटलं, "चुकलं माझं."

"काय? लेथ चालू आहे इकडं. ऐकू नाही आलं."

मी मागं बघितलं. बूथबाहेर चार माणसं नंबर लावून उभी होती. दोघी तर माझ्याच दळणाच्या. त्यांचं बोलणं थांबलं होतं. 'काही नाही, घरी ये' असं म्हणून फोन ठेवता आला असता. त्यानं विचारलंही नसतं.

मी फोन तोंडाशी धरला आणि गिरणी चालू असताना बोलते त्या आवाजात ओरडले, "चुकलं माझं, नाथा! माझं चुकलं!"